दूध आटलेलं नाही, पान्हा अडलाय

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर दुपारी अर्धा तास बसलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "रडू नकोस गं, दूध आटेल." बोलणारी सासू असते, आई असते, कधी वॉर्डातली मावशी. हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारीच्या पोटावर सिझेरियनचे टाके असतात, बाराशे ग्रॅमचं बाळ काचेआड असतं आणि आता रडायचीही चोरी. शिवाय हे वाक्य शरीरशास्त्राच्या हिशेबाने चूकच आहे.

दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं ही दोन वेगळी कामं आहेत. वार पडली की गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कोसळतं, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध उतरतं. अकाली प्रसूतीत, म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधी, याला थोडा जास्त वेळ लागू शकतो. तयार झालेलं दूध द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्यांत साठतं. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटलं की ही जाळी आवळते आणि दूध नलिकांत ढकललं जातं. हाच पान्हा. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून ते लाटांनी येतं. बाळाचं रडणं ऐकलं, त्याचा वास आला, तरी पहिली लाट उठते. बाळ स्तनाला लागायचीही गरज नसते. आता एनआयसीयूतल्या आईकडे बघा. बाळ जवळ नाही, समोर आहे तो प्लॅस्टिकचा पंप आणि कानात मॉनिटरची टिटिट.

भीती किंवा वेदना असली की मेंदूतून ऑक्सिटोसिन कमी सुटतं. वर अ‍ॅड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जे सुटलं तेही पिशव्यांपर्यंत कमी पोहोचतं. गोठ्यात वाढलेल्या कुणालाही हे नवं नाही. परक्या हाताला बुजलेली गाय 'पान्हा चोरते' असं आपण म्हणतोच. दूध आटलं असं त्या वेळी कुणी म्हणत नाही.

१९४८ साली मायकेल आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकन संशोधक दांपत्याने हे माणसात मोजून दाखवलं. प्रयोगातली आई खुद्द नाइल्स न्यूटन होत्या. शांतपणे पाजल्यावर त्यांच्या बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. मग पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणं, पायाचे अंगठे जोरात ओढणं, भराभर गणितं विचारून चुकलं की विजेचा झटका देणं, असे प्रकार झाले. दूध ९९ ग्रॅमवर आलं. तोच छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर ते पुन्हा १५३ ग्रॅम! म्हणजे दूध आतच होतं, अडकलं होतं ते दार.

खरी गोम पुढे आहे. अडकलेलं दूध तसंच राहिलं, तर साचलेलं दूधच पेशींना 'थांबा' असा निरोप देतं आणि दोन-चार दिवसांत उत्पादन खरोखर घटतं. म्हणून रडू आलं तर रडून घ्यावं, पण पिळणं चुकवू नये. प्रसूतीनंतर पहिल्या सहा तासांत हाताने सुरुवात, मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, दर खेपेला दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस मिनिटं. रात्रीची एक खेप टाळू नये, कारण तेव्हा प्रोलॅक्टिन चढं असतं. आधी गरम ओला पंचा, पाठीला मणक्याच्या कडेने मालिश, हातात बाळाचं वापरलेलं टोपडं. पंप लावल्यावर बाटलीकडे टक लावून बसू नये. तिच्यावर मोजा चढवला तरी चालतं. पहिल्या दिवशी पाच मिली निघालं म्हणून डोळ्यांत पाणी येतं, पण बाराशे ग्रॅमच्या बाळाला तेव्हा नळीतून दर दोन तासांनी एक-दोन मिलीच देतात.

सर्वांत गुणकारी उपाय कांगारू पद्धत, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ आईच्या दोन स्तनांमध्ये उभं, मान एका कुशीला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले. एका वेळी किमान तासभर, कारण दर वेळी उचलण्या-ठेवण्यात बाळ दमतं. लगेच नंतर पिळलं तर पान्हा लवकर येतो.

अळिवाची खीर जरूर खावी, लोह मिळतं. शतावरीच्या महागड्या डब्यांवरची 'दुप्पट दूध' ही जाहिरात मात्र दुकानातच सोडावी. आणि 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' हे ३३ व्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईच्या तोंडावर म्हणणाऱ्याला सिस्टरने बाहेर काढलं, तर माझी हरकत नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाची शक्यता वाढवतोच.

आता रडण्याबद्दल. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं भरून येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप मिळत असून लागत नसेल, बाळाला हात लावावासा वाटत नसेल, 'माझ्यामुळेच झालं' हे थांबत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांविषयी, एकूण ३० गुण. दहा-बाराच्या वर गुण गेले की तज्ज्ञाने बोलून तपासावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. औषध लागलं तर दूध तोडायचं हेही सरसकट खरं नाही. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं. मात्र बाळ लहान असल्याने मनोविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांनी मिळून ठरवायचं.

हे सगळं डिस्चार्जनंतरही डोकं वर काढू शकतं. घरी मॉनिटर नसतो, मग आई रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून जागते. घरातल्या कुणी एक खेप वाटी-चमच्याने पाजायची आणि तिला सलग चार तास झोपू द्यायचं. तरी जमत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक चोवीस तास लागतो, मोफत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.