पार्श्वभूमी: काकांचं मशीन पिशवीतच का राहिलं?

सदाशिव पेठेतले आमचे एक शेजारी पिट्युटरी ग्रंथीच्या ऑपरेशनला दाखल झाले, तेव्हा काकूंनी डबा आणि टॉवेलांसोबत झोपेचं मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं सीपॅपही नेलं होतं. ऑपरेशननंतर सिस्टरने ते पिशवीतून काढूच दिलं नाही. ‘घोरणाऱ्यालाच मशीन नाही, हे काय?’ काकू वैतागल्या. वैताग रास्तच होता, पण कारण जुनं आहे.

वाटाण्याएवढी पिट्युटरी मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोलगट बैठकीत असते. त्या बैठकीला शरीरशास्त्रात ‘तुर्की खोगीर’ म्हणतात. खाली नाकामागची सायनसची पोकळी, मध्ये पातळ हाड. १९०७ साली इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी नाक बाजूला वळवून याच वाटेने पिट्युटरीची गाठ काढली. १९१० मध्ये व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श थेट नाकपुडीतून गेले. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ओठाखालून अशी दोनशेहून जास्त ऑपरेशनं केली आणि पुढे कवटी उघडण्याकडे वळले. त्यांचा दबदबा एवढा, की बहुतेकांनी ही वाट सोडली. एडिंबराच्या नॉर्मन डॉट यांनी ती जपली, त्यांच्याकडून ती पॅरिसच्या गिओंकडे आणि तिथून माँट्रियलच्या जूल्स हार्डींकडे गेली. एखादी बंदिश गुरूकडून शिष्याकडे जावी तशी. हार्डींनी १९६० च्या दशकात मायक्रोस्कोप आणला, १९९० च्या दशकात दुर्बीण आली.

सीपॅप बरंच नंतरचं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीचा वारा नाकातून आत सोडून झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवून दाखवला.

गंमत अशी, की ही दोन्ही कामं नाकातूनच होतात आणि बऱ्याचदा एकाच रुग्णावर. पिट्युटरीच्या गाठीतून वाढीचं हार्मोन जास्त सुटलं, की अंगठी बोटात रुतते, चपलेचा नंबर वाढतो, जीभ जाड होते आणि झोपेत श्वास अडतो. कुशिंग आजारातही, म्हणजे पिट्युटरीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसोल हार्मोन वाढतं तेव्हाही, हा त्रास बराच दिसतो. म्हणजे मशीनची गरज ज्यांना जास्त, त्यांच्याच नाकामागे ताजी जखम.

सर्जन मेंदूखालचं भोक पोटाची किंवा मांडीची चरबी, स्नायूवरचं आवरण किंवा नाकातल्या पडद्याचा तुकडा लावून बुजवतात. हे ठिगळ धरेपर्यंत मास्कचा दाब ते उचकटू शकतो. मग मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं, जंतू वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे हवा कवटीत शिरते आणि झडपेसारखी अडकून मेंदूला दाबते. सीटी स्कॅनमध्ये ती काळी दिसते. मेंदूच्या पुढच्या भागाची दोन टोकं त्या काळ्यात अशी उभी राहतात, की डॉक्टरांनी त्या चित्राला फुजी पर्वताचं नाव दिलं. डोकं ठणकणं, गुंगी, गोंधळ ही त्याची लक्षणं.

असं क्वचितच घडतं. पण मशीन न लावणंही फुकटचं नाही: भुलीची आणि वेदनाशामकांची गुंगी उतरलेली नसते, नाकात बोळे असतात आणि श्वास अडला तर ऑक्सिजन घसरतो. म्हणून पाठ उंच ठेवायची, दाबाशिवाय ऑक्सिजन द्यायचा, अफूवर्गीय औषधं कमी वापरायची, बोटाला ऑक्सिमीटर रात्रभर. मशीन कधी सुरू करायचं यावर सर्जनांचं एकमत नाही. कुणी काही दिवसांनी देतात, कुणी काही आठवड्यांनी. ऑपरेशनमध्ये पाणी गळलं होतं का, यावर बरंच ठरतं. ‘कधीच नको’ आणि ‘काही होत नाही’, दोन्ही मला घाईचे वाटतात.

घरी आल्यावर काकांना नाक शिंकरायला बंदी होती, शिंक आली तर तोंड उघडून. सारसबागेतल्या मंडळींसोबतचं कपालभातीही बंद. मशीन मात्र पलंगाखाली पिशवीतच होतं, सर्जननी दुर्बिणीने नाक तपासेपर्यंत.