सहा लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनाचा ऑइल कूलर बदलणे

इंजिन ऑइलची उष्णता कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, देणाऱ्या भागाला ऑइल कूलर म्हणतात. फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअप ट्रकांत 2003 ते 2007 या काळात आलेल्या सहा लिटरच्या पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनात हा भाग वारंवार तुंबू लागला आणि तो घरच्या अंगणात किंवा गॅरेजात बदलणे हे अमेरिकेतल्या या ट्रकमालकांचे ओळखीचे काम झाले. हे व्ही-8 इंजिन नॅव्हिस्टार कंपनीने फोर्डसाठी बनवले होते. नॅव्हिस्टारच्या स्वतःच्या इंटरनॅशनल ट्रकांत ते व्हीटी 365 या नावाने येई, तर फोर्डच्या ई-सिरीज व्हॅनमध्ये ते 2010 पर्यंत टिकले. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्डने 2007 मध्ये नॅव्हिस्टारवर दावा लावला. 2009 मध्ये दोघांत तडजोड झाली.

कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) यांच्या खाली दडलेला असतो. पातळ पत्र्यांचे थर एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यामधून एकाआड एक ऑइल व कूलंट वाहते. या इंजिनात ऑइलवर दुहेरी भार पडतो. ते वंगण तर पुरवतेच, शिवाय इंजेक्टरही त्याच्याच दाबावर चालतात. पूर्ण भारावर हा दाब चौरस इंचाला चार हजार पौंडांच्या घरात जातो. त्यामुळे ऑइल तापून पातळ झाले की त्याचा फटका बेअरिंगांइतकाच इंजेक्टरांनाही बसतो.

बिघाड बहुतेकदा कूलंटच्या बाजूने सुरू होतो. त्याची दोन कारणे सांगितली जातात. ब्लॉक ओतताना वापरलेल्या साच्याची वाळू थोडीफार आत राहून जाते, हे एक. दुसरे, कारखान्यातून भरून येणाऱ्या सोनेरी कूलंटमधले सिलिकेट जास्त उष्णतेत साका धरते. कूलरच्या अरुंद वाटा दोन्हींमुळे भरत जातात. खरे नुकसान मात्र पुढे होते. ऑइल कूलरमधून बाहेर पडलेले कूलंटच ईजीआर कूलरकडे, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर थंड करून परत इंजिनात सोडणाऱ्या भागाकडे जाते. तिथला प्रवाह आटला की कूलंट उकळते, ईजीआर कूलरला तडा जातो आणि कूलंट थेट हवेच्या वाटेत शिरते. गाडी ‘पाणी खाऊ’ लागते: जमिनीवर थेंब नाही, पण टाकीतली पातळी उतरते आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. सिलिंडरमधला दाब भलताच वाढला तर पाळी हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलवर येते. आधीच्या 7.3 लिटरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती सहा हेड बोल्ट होते, इथे चारच आहेत. म्हणून नुसता ईजीआर कूलर बदलून गाडी रस्त्यावर आणणे ही अर्धी दुरुस्ती ठरते. तुंबलेला ऑइल कूलर नव्या ईजीआर कूलरचाही तसाच घास घेतो.

कूलर तुंबला आहे की नाही हे इंजिन न उघडताच कळते. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचण्याच्या जोडणीला मॉनिटर जोडायचा, गाडी पूर्ण गरम होऊ द्यायची आणि भार न घेता सपाट हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवत ऑइल व कूलंट यांचे तापमान एकाच वेळी वाचायचे. फरक 15 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 8 अंश सेल्सिअसच्या पुढे सतत राहिला तर कूलर गेला असे धरतात. चढावर किंवा ट्रेलर ओढताना घेतलेला आकडा यासाठी उपयोगाचा नाही. कूलंटच्या टाकीत काळपट, दह्यासारखा गाळ दिसला तर मात्र आतला पत्रा फुटून ऑइल-पाणी एक झाले आहे. असे तुलनेने कमी वेळा घडते.

जुना कूलर जागेवर असतानाच सगळी कूलंट व्यवस्था धुऊन घ्यायची. घाई करणारे नेमके हेच टाळतात. रसायन घालून इंजिन चालवायचे, रिकामे करायचे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हापुन्हा भरून सोडायचे. शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. सुटलेली घाण जुन्या कूलरमध्ये अडकली तर बिघडत नाही, नव्यात अडकली तर सगळी मेहनत फुकट जाते.

खोलण्याचे काम दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह तारा काढून सुरू होते. कूलंट काढले की हवेचे पाइप, कूलंटची टाकी, इंजेक्टरांना वीज पुरवणारे मोड्यूल आणि वायरिंग बाजूला करायचे. प्लॅस्टिकचे कनेक्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेले असतात, ओढले की तुटतात. ट्रक इतका उंच असतो की शिडीवर उभे राहून इंजिनावर ओणवे व्हावे लागते. टर्बोचे मागचे बोल्ट आणि केबिनच्या भिंतीलगतचा एक्झॉस्टचा क्लॅम्प डोळ्यांना दिसतच नाहीत. आरसा धरून, बोटांनी चाचपत ते सोडवावे लागतात. त्यांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. टर्बो निघाला की इनटेक मॅनिफोल्ड ईजीआर कूलरसकट उचलता येते, मग ऑइल फिल्टरचे घर आणि त्याखालचा ऑइल कूलरचा संच हाती येतो.

इथून पुढे कामाची सारी मदार स्वच्छतेवर असते. कूलरच्या संचाखाली ऑइलचे एक उघडे डबके असते आणि उच्च दाबाचा पंप त्यातूनच ऑइल ओढतो. त्याच्या तोंडावर बारीक जाळी असते. सुरुवातीच्या इंजिनांतल्या जाळ्या फाटत, म्हणून या वेळी जाळीही बदलतात. गॅस्केटचा खरवडलेला कपचा, वाळूचा कण किंवा फडक्याचा धागा या डबक्यात राहिला तर तो पंपापर्यंत आणि पुढे इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून कव्हर उचलण्याआधी घळीतला धुरळा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, हेडमधली हवेची तोंडे धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करावीत आणि डबक्यातले जुने ऑइल पूर्ण उपसून तळ पुसून काढावा. लोखंडी खरवडणी वापरू नये. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला की गळती ठरलेलीच.

नव्या कूलरच्या ओ-रिंगांना ऑइल लावून बसवायचे, गॅस्केटे सगळी नवी घ्यायची आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), ठरलेल्या क्रमाने आवळायचे. अंदाजाने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. ऑइल फिल्टर आणि त्याचे झाकण मूळ मापाचेच हवे. जास्त उंच झाकण-फिल्टरची जोडी बसवली तर घरातली निचऱ्याची झडप नीट बंद होत नाही.

सगळे जोडल्यावर इंजिन लगेच सुरू होत नाही, आणि त्याने धास्तावू नये. रिकामे डबके व ऑइलच्या वाटा भराव्या लागतात. चौरस इंचाला साधारण 500 पौंड दाब झाल्याशिवाय इंजेक्टर इंधन फवारतच नाहीत. स्टार्टर थोडा वेळ फिरवायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा फिरवायचा. बॅटऱ्या पूर्ण चार्ज असाव्यात, कारण कमी व्होल्टेजने इंजेक्टरांचे मोड्यूल जळते. कूलंट व्हॅक्यूमने भरले तर हवेचे बुडबुडे आत राहत नाहीत. नवे कूलंट कॅटरपिलरच्या ईसी-1 मानकात बसणारे, सिलिकेट नसलेले निवडण्याकडे बहुतेकांचा कल असतो. हीटरच्या पाइपवर कूलंट फिल्टर जोडून ठेवला तर उरलेली वाळू त्यात साचते. जुने कूलंट अंगणात सांडू देऊ नये: एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.

कूलर घळीतून काढून गाडीच्या पुढे हवेवर थंड होणारा मोठा कूलर बसवण्याचे संचही मिळतात. ते महाग आहेत, पण ऑइलचा कूलंटशी संबंध त्याने कायमचा तुटतो. ईजीआर यंत्रणाच काढून टाकणे हा मात्र रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकसाठी अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याचा भंग आहे.

कूलरची जागा कुठे आहे यावर काम किती अवघड होणार हे ठरते. भारतातल्या अनेक टाटा ट्रकांत असलेल्या कमिन्स बी-सिरीज इंजिनात हाच भाग ब्लॉकच्या कडेला, ऑइल फिल्टरच्या मागे असतो. तिथे टर्बो किंवा मॅनिफोल्ड खोलावे लागत नाही. कव्हर काढून कूलर आणि त्याची गॅस्केटे बदलता येतात.