डेटाबेस हलवले म्हणजे सर्व्हर मोकळा झाला?

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरचा डॅग, म्हणजे डेटाबेस अव्हेलेबिलिटी ग्रुप (मेलबॉक्स डेटाबेसच्या प्रती आपसांत ठेवणारा सर्व्हरांचा गट), सांभाळणाऱ्या अनेकांची अपडेटची स्क्रिप्ट एकाच पायरीने सुरू होते: या सर्व्हरवरचे ॲक्टिव्ह, म्हणजे सध्या वापरात असलेले, डेटाबेस दुसरीकडे हलवा. ते झालं की सर्व्हर मोकळा समजून थेट इन्स्टॉलर चालवला जातो. बऱ्याचदा निभावून जातं, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण हा झाला स्विचओव्हर. सर्व्हरला कामातून पूर्ण बाजूला काढणारा मेन्टेनन्स मोड वेगळा.

स्विचओव्हरने फक्त एवढंच बदलतं की डेटाबेसची कोणती प्रत ॲक्टिव्ह असावी. मूळ सर्व्हरवरची प्रत पॅसिव्ह होते, निवडीतून बाद होत नाही. अपडेट चालू असताना पलीकडचा सर्व्हर आडवा झाला, तर ॲक्टिव्ह मॅनेजर (कोणती प्रत ॲक्टिव्ह करायची हे ठरवणारा एक्स्चेंजचा भाग) डेटाबेस पुन्हा इथेच आणायला बघेल, आणि तेही नेमक्या सेवा खाली येत असताना. रांगेतले मेल तर हललेलेच नसतात. येणारी कनेक्शन सर्व्हरांमध्ये वाटणारा लोड बॅलन्सरही सेवा बंद पडेपर्यंत आउटलुकची कनेक्शन इकडे पाठवत राहतो. डेटाबेस कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मेन्टेनन्स मोडमध्ये या सगळ्या वाटा बंद होतात. मेलची ने-आण करणारं हब ट्रान्सपोर्ट 'ड्रेनिंग'ला टाकायचं, म्हणजे नवे मेल न घेता रांग रिकामी होऊ द्यायची, उरलेले मेल दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायचे, डॅगखालच्या विंडोज क्लस्टरमधला हा सर्व्हर, म्हणजे नोड, पॉज करायचा, डेटाबेस हलवून इथे परत ॲक्टिव्ह व्हायला बंदी घालायची आणि शेवटी 'सर्व्हरवाइडऑफलाइन' हा अख्ख्या सर्व्हरसाठीचा घटक (कंपोनंट) इनॲक्टिव्ह करायचा. स्विचओव्हर ही यातली जेमतेम एक पायरी.

ऑटोमेशन खरं फसतं ते मेन्टेनन्स मोडमधून बाहेर पडताना. ऑटो ॲक्टिव्हेशन पॉलिसी (इथल्या प्रती आपोआप ॲक्टिव्ह होऊ द्यायच्या का, ही सेटिंग) परत लावताना स्क्रिप्ट सरसकट 'अनरिस्ट्रिक्टेड' लिहून टाकते. दुसऱ्या डेटा सेंटरमधला सर्व्हर कोणी विचारपूर्वक 'ब्लॉक्ड' ठेवला असेल, तर ती सेटिंग गुपचूप पुसली जाते. म्हणून आत शिरण्याआधीच जुनी किंमत नोंदवून ठेवावी.

दुसरी गोष्ट जास्त छळते. घटकाची स्थिती कोणी बदलली याची नोंद 'रिक्वेस्टर'च्या नावाने होते. आपली स्क्रिप्ट 'मेन्टेनन्स' या नावाने बोलते, तर क्युम्युलेटिव्ह अपडेटचा (एक्स्चेंजच्या एकत्रित मोठ्या अपडेटचा) सेटअप 'फंक्शनल' या नावाने. सेटअप मध्येच पडला की त्याचं इनॲक्टिव्ह तसंच राहतं. मग स्क्रिप्ट 'मेन्टेनन्स'कडून ॲक्टिव्ह म्हणते, कमांड बिनचूक पार पडते आणि घटक तरीही बंदच, कारण ज्याने ज्याने इनॲक्टिव्ह केलं त्या प्रत्येकाकडून ॲक्टिव्ह यावं लागतं. सगळ्या सेवा चालू दिसतात, पण मेल सरकत नाहीत. अशा वेळी घटकाच्या 'लोकलस्टेट्स'मध्ये रिक्वेस्टरनिहाय स्थिती बघावी.

त्यामुळे कमांड यशस्वी झाली एवढ्यावर स्क्रिप्टने पुढे सरकू नये. घटक खरोखर ॲक्टिव्ह आहेत, डेटाबेसच्या प्रती 'हेल्दी' आहेत आणि कॉपी क्यू, म्हणजे प्रतीकडे अजून न पोचलेल्या लॉगची रांग, ओसरलाय, हे तपासूनच पुढचा सर्व्हर हाती घ्यावा. यातलं काहीही अडलं, तर स्क्रिप्टने तिथेच थांबून माणसाला बोलवावं.