बटरक्रीम ट्रान्सफर

बटरक्रीम ट्रान्सफर : आधी पारदर्शक शीटवर किंवा बटर पेपरवर क्रीमने चित्र काढायचे, ते फ्रीझरमध्ये कडक गोठवायचे आणि उलटे करून केकवर बसवायचे, अशी केकसजावटीची पद्धत. शीटला चिकटलेली बाजू शेवटी वर येते, म्हणून चित्राचा पृष्ठभाग शीटइतकाच सपाट निघतो. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना ती विशेष सोयीची आहे. चूक झाली तर ती शीटवर होते. बिघडलेला भाग खरवडून पुन्हा काढता येतो आणि केकला धक्का लागत नाही.

चित्र उलटे बसत असल्यामुळे शीटखाली ठेवायचा नमुना आरशात दिसतो तसा ठेवावा लागतो. देवनागरी मजकुराला इथे जास्त जपावे लागते. कागदावर नाव लिहून तो पालथा घातला आणि मागून दिसणारी अक्षरे गिरवली की काम सोपे होते. सुटी शिरोरेषा बारीक असल्याने काढताना तुटते आणि जोडाक्षरांतल्या फटी क्रीमने बुजतात. म्हणून अक्षरे मोठी घ्यावीत, त्यांच्याभोवती रंगीत पार्श्वभूमी भरावी आणि सगळे मिळून एकच पाटी करावी.

क्रीम साधे चालते : २५० ग्रॅम अनसॉल्टेड बटर, ५०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि लागेल तसे चमचा-दोन चमचे दूध. एवढ्या साखरेमुळे क्रीमवर पातळ कोरडी पापडी धरते. घरचे लोणी यासाठी घेऊ नये, त्यात पाणी जास्त असते. नाताळात बेबिंकेला (गोव्याची थरांची मिठाई) अंड्यांचे पुष्कळ पिवळे बलक लागतात आणि पांढरा भाग उरतो. तो साखरेसह गरम पाण्याच्या भांड्यावर ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून फेटला आणि त्यात बटर घातले की स्विस मेरिंग बटरक्रीम होते. ते कमी गोड असते आणि गोठल्यावर छान कडक होते. बिनअंड्याच्या केकसाठी अर्थातच पहिलेच क्रीम. काळा रंग कोकोच्या तपकिरी क्रीमपासून आदल्या दिवशी करून ठेवावा. तो मुरून गडद होतो, जेल कलर कमी लागतो आणि कडवटपणा टळतो.

गुळगुळीतपणाचा निकाल शीटवरच लागतो. बटर पेपर ओलाव्याने आक्रसतो आणि त्याची प्रत्येक सुरकुती चित्रावर उमटते. ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लॅस्टिकची शीट) त्याहून कितीतरी चांगली. दुसरा दोष हवेचा. जोरात फेटलेल्या क्रीममधले बुडबुडे शीटला टेकून बारीक खड्डे पाडतात, म्हणून शेवटची काही मिनिटे बीटर सर्वांत मंद गतीवर फिरवून हवा काढावी. १ किंवा २ क्रमांकाच्या नोझलने बाह्यरेषा काढून शीट काही मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे रंग भरताना रेषा सरकत नाही. डोळे, बटणे, ठिपके असे बारीक तपशील आधी, मोठे भाग नंतर. जे पहिल्यांदा काढले तेच सर्वांत वर दिसणार असते. भरायचे क्रीम थोडे सैल ठेवून लहान ब्रशने रेषेच्या कडेपर्यंत हलके दाबावे. बहुतेक चित्रांत रेषेशेजारी जी फट दिसते, ती हे दाबणे राहून गेल्यामुळे. शेवटी मागून पार्श्वभूमीच्या रंगाचा थर पॅलेट नाइफने सपाट पसरावा. एकूण जाडी अर्धा सेंटिमीटरच्या आसपास असली की पाटी उचलताना मोडत नाही.

गोव्याच्या हवेत खरी परीक्षा फ्रीझरबाहेर होते. लोण्यातला स्निग्धांश ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतो, पण २० अंशांच्या पुढेच मऊ पडू लागतो. मे महिन्यात दुपारचा पारा ३३ अंशांच्या आसपास असतो. म्हणून काही जण बटरमध्ये व्हेजिटेबल शॉर्टनिंग (वनस्पती तेलापासूनचा घट्ट स्निग्ध पदार्थ) मिसळतात. पाव हिश्शापर्यंत ते चालून जाते, त्यापुढे टाळूला तेलकट थर जाणवतो. पावसाळ्यात उष्म्यापेक्षा दमटपणा जास्त छळतो. उणे १८ अंशांच्या चित्रावर क्षणात दव धरते आणि लाल, काळा, गडद निळा हे रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. यावर उपाय असा : केकवरचा क्रीमचा थर ताजा, चिकट असतानाच चित्र बसवावे, शीट लगेच सोलून काढावी आणि केक बंद खोक्यात घालून थेट फ्रिजमध्ये ठेवावा. दव मग खोक्यावर धरते. आलेच तर पुसू नये, आपोआप सुकू द्यावे. पावसाळ्यात वीज जाते हे धरून चित्र आदल्या दिवसाऐवजी त्याच सकाळी करणे शहाणपणाचे. अर्धे वितळून पुन्हा गोठलेल्या चित्राच्या रेषा पसरतात.

विषय म्हणून सपाट रंगांची आणि ठळक रेषांची चित्रे उत्तम : मुलांच्या वाढदिवसाची कार्टून, फुटबॉलची जर्सी, नाताळचा तारा. पणजीच्या जुन्या वास्तूंतून दिसणाऱ्या अझुलेझो या पोर्तुगीज धाटणीच्या चकचकीत फरश्यांची निळी-पांढरी नक्षी तर या तंत्रासाठीच घडल्यासारखी आहे. दोनच रंग, स्पष्ट कडा आणि मोडली तर एकेक फरशी वेगळी बदलता येते. बेबिंका, दोदोल, बाथ या गोव्याच्या गोड पदार्थांवर क्रीम घालण्याची रीत नाही, त्यामुळे ट्रान्सफरला स्पंज केकच लागतो, तोही वरून समतल कापलेला. चित्राची कड झाकायला भोवती क्रीमची किनार काढतात. कापण्यापूर्वी केक थोडा वेळ फ्रिजबाहेर ठेवावा आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्यावी. थंड बटरक्रीम गार सुरीने तडकते.