स्क्रीनशॉट नेमका कधी काढायचा? विश्वामित्रीची पातळी आणि माझा एआय एजंट

माझी मावशी बडोद्याच्या समा भागात राहते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिच्या खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी होतं, फ्रिज, शिलाई मशीन, लग्नातलं लाकडी कपाट, सगळं गेलं. तेव्हापासून पावसाळा लागला की तिचे फोन सुरू होतात, "अरे, बघ ना जरा, आजव्यातून पाणी सोडलंय का?" आजवा म्हणजे शहराच्या वरच्या बाजूचं धरण, त्याचं पाणी विश्वामित्रीत येतं. मग मी मोबाइलवर पातळीचं पान उघडून आकडा सांगायचो. पण रात्री दोनला कोण बघणार, म्हणून एक छोटा एआय एजंट बनवला: दर अर्ध्या तासाने पान उघडायचं, स्क्रीनशॉट काढायचा, त्यातला आकडा वाचायचा आणि मावशीला मेसेज टाकायचा.

स्क्रीनशॉटच कशाला, पानावरचा मजकूर थेट उचलता येत नाही का, असं बरेच जण विचारतात. येतो की, आणि जिथे येतो तिथे तोच उचलावा, स्वस्त पडतं आणि चुकाही कमी होतात. पण मी जे पान बघत होतो तिथे पातळी एका आलेखात होती, आणि तो आलेख ब्राउझर कॅनव्हासवर रंगवतो, म्हणजे पानाच्या मांडणीत नुसता एक रिकामा चौकोन असतो आणि आकडा त्यात रंगाच्या ठिपक्यांनी उमटतो. आपल्याला तो सहज दिसतो, पण मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे एक अक्षरही सापडत नाही. अशा ठिकाणी चित्रच लागतं.

चित्र काढायला ब्राउझर तर हवाच, फक्त त्याची खिडकी कुठे दिसायची गरज नाही. प्रोग्रॅममधून ब्राउझर चालवायची साधनं बरीच आहेत. सेलेनियम 2004 पासून आहे, ते मुळात वेबसाइटची चाचणी घ्यायला बनलेलं. 2017 मध्ये क्रोममध्ये हेडलेस म्हणजे बिनखिडकीचा मोड आला, त्याच वर्षी गूगलच्या क्रोम टीमचं पपेटियर आलं आणि 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट. सगळ्यांचं काम साधारण सारखंच, तुम्ही प्रोग्रॅममधून हुकूम द्यायचा, ब्राउझर पान आणतो, मांडणी करतो, ठिपके रंगवतो आणि त्या क्षणी जे रंगवून झालंय त्याची पीएनजी म्हणजे चित्राची फाइल हातात देतो. प्लेराइटची खिडकी, काही न सांगितल्यास, 1280 बाय 720 ची, म्हणजे 9,21,600 ठिपके. एजंटच्या मागे चित्र वाचणारं जे एआय मॉडेल असतं, त्याला या ठिपक्यांपलीकडचं काही माहीत नसतं. खिडकीबाहेर डोकावून पाऊस किती आहे ते ते बघू शकत नाही.

"त्या क्षणी" हा शब्द मी सहज लिहिला, पण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे.

एका रात्री एजंटने मावशीला मेसेज केला, "पातळी 0.0 फूट." बाहेर धो धो पाऊस आणि मावशी तो मेसेज बघून निवांत झोपली. सुदैवाने पाणी आलं नाही, पण सकाळी ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. जतन केलेला स्क्रीनशॉट काढून बघितला तर त्यात खरंच 0.0 लिहिलेलं होतं! मॉडेलने अगदी बरोबर वाचलं होतं. झालं असं की पान आधी सांगाडा उभा करतं, आकड्याच्या जागी 0.0 ठेवतं, मग सर्व्हरकडे खरा आकडा मागतं आणि तो आला की बदलतं. पान लोड झालं असं ब्राउझर म्हणतो ते या मधल्या वेळात, आणि माझा स्क्रीनशॉट नेमका तेव्हा निघाला.

मी आधी सोपा उपाय केला, पाच सेकंद थांबायचं. दिवसा चाललं, पण पाऊस वाढला की सगळं शहर तेच पान उघडतं, सर्व्हर रखडतो आणि पाच सेकंद कमी पडतात, म्हणजे ज्या रात्री गरज जास्त त्याच रात्री चूक होणार. दुसरा उपाय नेटवर्क शांत व्हायची वाट बघायचा, अर्धा सेकंद काहीच ये-जा नसेल तर पान तयार समजायचं, पण काही पानं सतत काहीतरी मागवत राहतात, ती शांत होतच नाहीत, आणि प्लेराइटवालेही यावर विसंबू नका असंच सांगतात. शेवटी घड्याळाकडे न बघता पानाकडेच बघायचं ठरवलं. आलेखाखाली "शेवटचं अपडेट" अशी वेळ साध्या मजकुरात येते, आकड्याबरोबरच येते, ती उमटेपर्यंत थांबायचं आणि तीस सेकंदांत नाही उमटली तर फोटो काढायचाच नाही.

मग फॉन्टची भानगड निघाली. पान गुजरातीत, आणि माझा भाड्याचा लिनक्स सर्व्हर अगदी कोरा, त्यावर गुजराती फॉन्टच नाही, त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये आकडे ठीक पण नावांच्या जागी रिकामे चौकोन. आजव्याची पातळी दोनशे फुटांच्या वर असते, नदीची त्यामानाने कितीतरी कमी, म्हणून निदान हे दोन आकडे मला ओळखता आले, पण पुलापुलांवरच्या आकड्यांत कुठला कुठला हे चौकोनांवरून कोण सांगणार? या चौकोनांना टोफू म्हणतात आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव "नो टोफू" वरूनच पडलंय. नोटोचे गुजराती आणि देवनागरी फॉन्ट टाकले आणि नावं दिसायला लागली. मराठी पानांचे स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं, कारण मॉडेल कित्येकदा चौकोन बघूनही थांबत नाही, अंदाज बांधून पुढे जातं.

पूर्ण पानाचा लांबलचक फोटोही मी काढून बघितला. मॉडेलला देताना एवढं मोठं चित्र बारीक केलं जातं आणि त्यात 6 चा 8 होऊ शकतो. आता फक्त आलेखाचा चौकोन आणि खालची वेळ एवढंच कापून घेतो. यात आणखी एक फायदा, बाजूच्या जाहिराती चित्रात येत नाहीत. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रात "आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर" असं कुणी लिहून ठेवलं तर एजंट त्यालाही हुकूम समजू शकतो. माझा एजंट मेसेज टाकण्यापलीकडे काही करत नाही, पण ज्यांचा एजंट बँकेत लॉगिन करतो त्यांनी याचा विचार आधी करायला हवा.

यंदा मेसेजमध्ये नुसता आकडा जात नाही, सोबत कापलेला फोटोही जातो, त्यावरच्या वेळेसकट, आणि पान आलं नाही तर सरळ "आकडा मिळाला नाही, फोन कर" एवढंच जातं. मावशी आधी फोटोतली वेळ बघते, मग आकडा. परवा रात्री पावणेतीनला तिचा फोन आला, "मिळाला नाही म्हणतोय रे," मी उठून स्वतः पान उघडलं, तेव्हा सर्व्हर बंदच होता.