साहेबांना वाईट बातमी कधी कळते?

28 डिसेंबर 1978. अमेरिकेत पोर्टलंडच्या आकाशात युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-8 विमान घिरट्या घालत होतं. चाकं उघडताना धक्का बसला होता आणि ती नीट बसल्याचा दिवा लागत नव्हता. कॅप्टन मुरलेला होता, पण चाकं आणि प्रवाशांची तयारी यातच तो जवळपास तासभर गुंतून राहिला. इंधन संपत चाललं होतं. फ्लाइट इंजिनिअरला ते दिसत होतं. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच कमी उरेल, असं तो म्हणालाही. पण ‘आता उतराच’ असं ठणकावून कुणी सांगितलं नाही. एकेक इंजिन बंद पडलं, विमान उपनगरात कोसळलं आणि 189 पैकी 10 जण गेले. चाकं मुळात बाहेर येऊन नीट बसलेली होती.

चौकशीत कॅप्टनची चूक निघाली, तसंच सहकाऱ्यांची काळजी त्याच्यापर्यंत जोरकसपणे पोचली नाही हेही नोंदलं गेलं. युनायटेडने 1981 पासून वैमानिकांना नवं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हाताखालच्यांनी स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ते ऐकायचं, हा त्याचा गाभा. आज ते ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून जगभर शिकवलं जातं.

19 जुलै 1989 ला याच कंपनीच्या डीसी-10 चं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्या-चढवण्यासाठी लागणारा जोर पुरवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. असं विमान कसं उतरवायचं, याची ठरलेली पद्धतच नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करायचं काम त्यांच्याकडे सोपवलं. चौघांनी डोकी लढवत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते तिथे मोडलं, पण 296 पैकी 184 जण वाचले. याचं श्रेय हेन्स त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

मग माणसं गप्प का बसतात? बोलण्याची किंमत लगेच आणि एकट्याला मोजावी लागते. फायदा झालाच तर तो उशिरा, सगळ्यांना मिळून. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम आणि औषध देण्यातल्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती, पण आकडे नेमके उलटे आले. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, तर झालेली चूक लपवत नव्हत्या, असं तिच्या लक्षात आलं. तिथे आपली चूक प्रमुख परिचारिकेला सांगायची कुणाला भीती वाटत नव्हती. याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. लाड करणं किंवा काम ढिलं सोडणं असा तिचा अर्थ मुळीच नाही. हेन्स शेवटपर्यंत कॅप्टनच होते.

म्हणून टीम लीडर निवडताना कामातली हुशारी आणि रुबाब एवढंच पाहणं मला घातक वाटतं. त्याच्यापर्यंत अडचण किती लवकर पोचते, हे आधी बघायला हवं. ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की मीटिंगमध्ये सगळे कागदांत डोकं घालतात. त्याऐवजी ‘महिनाअखेरीस हे काम अडलं, तर कशामुळे अडेल?’ असं विचारावं, सगळ्यात नवख्याला आधी बोलू द्यावं आणि साहेबांनी आपलं मत शेवटी मांडावं. आणि कुणी खरंच अडचण सांगितली, तर ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न निदान त्या दिवशी गिळावा.