निघालोच, निघतोय आणि निघेन

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर फोनवरची बोलणी ऐकावीत. "गाडी सहाला सुटते." "उद्या सांगलीला जातोय." "दिवाळीत घर रंगवणार आहे." "बघू, येईन." चारही वाक्यं पुढची, पण "बघू, येईन" म्हणणाऱ्यासाठी कुणी जास्तीच्या भाकरी थापत नाही.

इंग्रजीतही हीच उतरंड आहे. शाळेत मात्र आपण घोकलं ते एवढंच: 'आय' आणि 'वुई'ला शॅल, बाकीच्यांना विल. हा नियम मांडला जॉन वॉलिस यांनी, १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. हे मुळात गणिती; अनंताचं आडवं आठासारखं चिन्हही त्यांचंच. बोलणाऱ्यांनी तो नियम फारसा जुमानला नाही. आपण मात्र छड्या खाऊन पाळला.

खरं तर इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. आपल्याकडे 'जा'चं 'जाईन', 'जाशील' होतं. तिकडे 'गो'चं 'वेंट' होतं, पण पुढच्या काळासाठी उसनवारीच. 'विल' म्हणजे मुळात इच्छा असणे (मृत्युपत्राला विल म्हणतात ते त्याच मुळातून), आणि 'शॅल' म्हणजे देणं लागणे.

मग कुठे काय वापरायचं? बेत कुठे ठरलाय ते बघावं. वेळापत्रकात छापलेला असेल तर साधा वर्तमानकाळ: 'द बस लीव्ज अ‍ॅट सिक्स'. दुसऱ्या माणसाशी बोलून वेळ घेतलेली असेल तर 'आय अ‍ॅम सीइंग द डेंटिस्ट टुमारो'. नुसतं स्वतःच्या मनात पक्कं असेल तर 'गोइंग टू'. आणि दाराची बेल वाजल्यावर त्या क्षणी "मी बघतो" म्हणायचं असेल, तर 'आय विल गेट इट'. या रेघा एकमेकींत मिसळतात; इंग्रजही काटेकोर नसतात.

पाऊस आला की मात्र फरक लख्ख होतो. 'इट इज रेनिंग टुमारो' चालत नाही, कारण पावसाने कुणाशी वेळ ठरवलेली नसते. अजिंक्यताऱ्यावर काळे ढग दिसले की म्हणायचं 'इट इज गोइंग टू रेन'. या 'गोइंग'चा अर्थ एके काळी खरोखर चालत जाणं असाच होता: काहीतरी करायला निघालेला माणूस. जायचं ठिकाण गळलं, हेतू उरला, आणि शेवटी पाय नसलेला पाऊसही 'गोइंग' झाला. आपलं 'पडणार' हे काम न चालता करतं.

एका बाबतीत मराठी पुढे आहे. अगदी लगेच घडायच्या गोष्टीला इंग्रजी 'अबाउट टू' लावते. आपण थेट भूतकाळ वापरतो. सांगलीचा माझा मित्र फोनवर "निघालोच!" म्हणतो, तेव्हा मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत असतो.